संमती काढण्याला, पसरवण्याला नव्हे

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात प्रतिमा-प्रक्रियेवरचे आमचे व्याख्यान संपले, चहा झाला आणि मंडळी पांगल्यावर एक बाई मागे थांबल्या. त्यांची शंका व्याख्यानातली नव्हती. दोन वर्षांपूर्वी बारावी झालेली त्यांची एक विद्यार्थिनी त्यांच्याकडे आली होती. बिनसल्यावर तिच्या मित्राने तिची खाजगी छायाचित्रे इतरांना पाठवली होती. तक्रार कर म्हटल्यावर मुलगी म्हणाली, "फोटो मीच पाठवला होता, बाई. मग कुठल्या तोंडाने तक्रार करू?" बाईंनी आम्हाला दोन गोष्टी विचारल्या. हे फोटो पुसून टाकता येतात का? आणि कायदा काय म्हणतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी अर्धेमुर्धे देता आले, दुसऱ्याचे मुळीच नाही. घरी आल्यावर कायद्याची कलमे वाचली, एका वकील स्नेह्यांना बराच त्रास दिला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात अगदी स्पष्ट आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत ३५४-क हे कलम आले. इंग्रजी प्रतीत त्याला '३५४ सी' म्हणतात. स्त्रीचे खाजगी क्षण चोरून पाहणे, टिपणे किंवा ते चित्र पसरवणे हा त्यातला गुन्हा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हेच कलम तिथे ७७ व्या क्रमांकावर आले. या कलमाला जोडलेले एक स्पष्टीकरण आपण शिक्षकांनी ध्यानात ठेवावे असे आहे. चित्र काढण्यास स्त्रीची संमती होती, पण ते इतरांना देण्यास नव्हती, तर ते देणे हा गुन्हाच होय. पहिल्या वेळी किमान एक वर्ष व कमाल तीन वर्षे कैद आणि दंड, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे. म्हणजे "मीच पाठवला होता" या वाक्याने तिची बाजू लंगडी पडत नाही. तिने एका माणसाला परवानगी दिली होती, गावाला नव्हे.

हे कलम फक्त स्त्रियांचे रक्षण करते, ही त्याची मोठी उणीव वाटते. मुलगा किंवा पुरुष बळी असेल तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० कडे वळावे लागते. त्याचे कलम ६६-ई हे 'कोणत्याही व्यक्ती'विषयी बोलते. संमतीविना खाजगी अवयवांचे चित्र टिपणे, प्रसिद्ध करणे वा पाठवणे यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ६७ व ६७-ए ही अश्लील आणि उघड लैंगिक मजकुराच्या प्रसाराबद्दल आहेत. त्यांची शिक्षा जास्त असली तरी त्यांची नजर समाजाच्या सभ्यतेवर आहे, दुखावलेल्या माणसाच्या संमतीवर नाही. आमच्या मते ही दृष्टीच जुनी झाली.

अजून काहीही पसरलेले नाही, फक्त धमकी आहे, अशीही वेळ येते. "पैसे दे, नाहीतर टाकतो" ही धमकी स्वतःच गुन्हा आहे (न्याय संहिता, कलमे ३०८ व ३५१). छायाचित्र बाहेर पडेपर्यंत थांबण्याची गरज नाही.

आता विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल तर सगळेच बदलते. तिथे २०१२ चा पोक्सो कायदा लागतो, मुलगा-मुलगी भेद राहत नाही आणि मुलाच्या संमतीला अर्थ उरत नाही. गुन्ह्याची माहिती कळलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे (कलम १९). न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "शाळेचे नाव खराब होईल, आपसात मिटवू" असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते नुसते चूक नाही, बेकायदा आहे. दुसरे असे की, पुरावा म्हणून ते छायाचित्र कोणाही शिक्षकाने स्वतःच्या फोनवर मागवू नये, मुख्याध्यापकांना पुढे पाठवू नये. मुलांचे असे चित्र बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे अधिक कडकपणे सांगितले आहे. कोणत्या खात्यावर, कोणत्या पत्त्यावर, केव्हा दिसले एवढे लिहून घ्यावे आणि फोन जसा आहे तसा पोलिसांकडे जाऊ द्यावा. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.

आता बाईंचा पहिला प्रश्न, पुसून टाकण्याचा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार, अशा चित्राची तक्रार बळीने किंवा तिच्या वतीने कोणीही केली की संकेतस्थळाने ते २४ तासांत काढायचे होते. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ही मुदत २ तासांवर आली. संगणकाने जोडतोड करून बनवलेले खोटे चित्रही या नियमात येते. पण एका ठिकाणी काढलेले चित्र दुसऱ्या ठिकाणी उगवते, तिथून काढावे तर तिसऱ्या. दर वेळी बळीने ते स्वतः शोधत फिरायचे काय? इथे आमचा विषय येतो.

कोणत्याही संगणकीय फाइलवर ठरलेली आकडेमोड केली की एक ठराविक लांबीची संख्या मिळते. तिला हॅश म्हणतात, आपण 'ठसा' म्हणू. नेहमीच्या पद्धतीत (उदाहरणार्थ एसएचए-२५६) फाइलमधला एक बिंदू बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. फाइलशी छेडछाड झाली नाही हे दाखवायला ही पद्धत उत्तम, आणि म्हणूनच भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये संगणकीय पुराव्याला जोडायच्या प्रमाणपत्रात हा ठसा नोंदवावा लागतो. पण चित्र शोधायला ती निरुपयोगी. कडा थोडी कातरली की ठसा निराळा.

म्हणून 'दिसण्याचा' ठसा काढतात. फेसबुकने २०१९ मध्ये खुली केलेली पीडीक्यू पद्धत पाहा. चित्र कृष्णधवल करून ६४ × ६४ चौकटींपर्यंत लहान करतात. त्यातले उजेड-अंधाराचे ढोबळ चढउतार मोजून २५६ संख्या काढतात. मधल्या मूल्याच्या वर असेल तिथे १, खाली असेल तिथे ०. झाला २५६ चिन्हांचा ठसा. चित्राचा आकार बदलला, थोडे उजळ केले, तरी ढोबळ चढउतार तेच राहतात. दोन ठशांत ३१ पर्यंत चिन्हे वेगळी असली तरी चित्र एकच मानतात. आलेखाच्या कागदावर ८ × ८ चौकटी आखून वर्गात याचा सोपा खेळ करता येईल. अर्थात फुलाच्या चित्रावर.

डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटनमधील एका संस्थेने सुरू केलेली 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा याच तत्त्वावर चालते. अठरा वर्षांवरील व्यक्ती आपल्या फोनवरच ठसा काढते. छायाचित्र फोनबाहेर जातच नाही, जातो तो फक्त ठसा, आणि २५६ चिन्हांत मूळ छायाचित्र मावणे शक्य नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारखे सहभागी मंच त्या ठशाशी जुळणारे चित्र अडवतात, म्हणजे कोणाही अनोळखी माणसाला ते दाखवावे लागत नाही. अठराखालील मुलांसाठी अमेरिकेतील 'टेक इट डाउन' ही अशीच सेवा आहे. मर्यादाही आहेत. सहभागी नसलेल्या संकेतस्थळांवर याचा उपयोग नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे कुलूपबंद संदेशही यातून तपासले जात नाहीत.

क्रम मात्र चुकवू नये. घाबरून आधी संभाषण पुसले की पुरावाही जातो. सज्ञान व्यक्तीने आधी पडद्याची छायाचित्रे, खात्याचे नाव, दुव्याचा पत्ता, तारीख-वेळ जपून ठेवावी, मग चित्र काढायला लावावे. मार्च २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधील तमलुक येथील न्यायालयाने अशाच एका प्रकरणात आरोपीला पाच वर्षांची कैद दिली. तो देशातला या प्रकारचा पहिला निकाल मानला जातो. अशा खटल्यांत संगणकीय नोंदींवरच भिस्त असते.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर करता येते, किंवा कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्द कोणाचीही असो. ठाण्याने नोंदवून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. स्त्रिया व मुलांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

हे सारे आम्ही बाईंना पत्राने कळवले. उलट टपाली त्यांचे चार ओळींचे पत्र आले. मुलगी तयार आहे, पण ठाण्यात पुरुष अधिकाऱ्यासमोर हे सांगायला तिची जीभ रेटत नाही, काय करावे? आम्ही पुन्हा वकील स्नेह्यांना गाठले. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ उघडून त्यांनी बोट ठेवले. कलम ७७ च्या गुन्ह्यात स्त्रीची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. त्या पानाची प्रत आम्ही त्याच दिवशी बाईंना पाठवली.