टीबी बरा झाला, तरी दम का लागतो? आणि तेव्हा सोबत कोण असतं?

सहा महिने गोळ्या घेतल्या. थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तरीही विहिरीवरून पाणी आणताना धाप लागते, रात्री खोकल्यामुळे झोप येत नाही. असं का होतं? आणि अशा वेळी औषधाइतकीच माणसांची गरज का असते? डहाणू-तलासरीच्या संदर्भात समजून घेऊया.

टीबी मागे काय ठेवून जातो?

औषधांनी टीबीचे जंतू मरतात, पण काहींच्या फुप्फुसांवर पडलेले व्रण कायम राहतात. चुलीचा धूर, विडी आणि वीटभट्टीची धूळ यांनी त्रास आणखी वाढतो. टीबी झालेला नसतानाही अशा धुरा-धुळीमुळे 'सीओपीडी' हा श्वासनळ्यांचा आजार होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार 2021 मध्ये सीओपीडीमुळे जगभरात सुमारे 35 लाख मृत्यू झाले.

हे दोन्ही त्रास पूर्ण बरे होत नाहीत, पण आटोक्यात ठेवता येतात. आणि दोन्ही एकाकडून दुसऱ्याला होत नाहीत.

मग अडचण कुठे आहे?

टीबीचे उपचार सुरू असताना रुग्णाच्या मागे एक यंत्रणा असते. निक्षय पोषण योजनेतून 2018 पासून दरमहा 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 रुपये मिळतात. 2022 पासून 'निक्षय मित्र' पोषण किट देतात. गोळ्या घेतल्या का, याची चौकशी होते.

कोर्स संपला की हा आधारही संपतो. दम मात्र राहतो.

डहाणू-तलासरीत पाडे विखुरलेले आहेत. पावसाळी शेती आटोपली की अनेक आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर किंवा इतर मजुरीला बाहेर पडतात. ज्याला कष्टाचं काम झेपत नाही, तो घरी मागे राहतो. मग इन्हेलर संपला तर कासा किंवा डहाणूच्या सरकारी रुग्णालयात त्याच्यासोबत जाणार कोण?

एकटेपणाचा फुप्फुसांशी काय संबंध?

दम लागतो म्हणून माणूस चालणं सोडतो. त्यामुळे स्नायू कमजोर होतात आणि पुढच्या वेळी आणखी लवकर दम लागतो. कमाई थांबते, 'घरात बसून खातो' असं ऐकावं लागतं. सीओपीडीच्या रुग्णांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळते, त्यामागे हेही एक कारण आहे.

अमेरिकेत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकटे राहणाऱ्यांपेक्षा इतरांसोबत राहणारे सीओपीडी रुग्ण दिवसभरात जास्त चालतात, असं दिसलं.

तुम्ही काय करू शकता?

- रोज थोडं सोबत चाला. दम लागला की थांबा, घाई करू नका.
- त्यांचं ताट-पेला वेगळा ठेवू नका.
- घरात चूल असेल तर धूर बाहेर जाईल अशी सोय करा. त्यांच्याजवळ विडी ओढू नका.
- इन्हेलरची 'सवय लागते' हा गैरसमज आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो बंद करू देऊ नका.
- आशाताई तिशीपुढच्या लोकांचा आरोग्याचा फॉर्म भरतात. त्यात दम, खोकला आणि स्वयंपाकाचं इंधन यांवर प्रश्न असतात. तिथे हा त्रास नक्की सांगा.
- खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, ताप आला किंवा वजन घटलं, तर टीबीची तपासणी पुन्हा करा.

तुमच्या पाड्यावर, गावात किंवा इमारतीत टीबीतून बरं झालेलं कुणी असेल, तर आज एवढंच विचारा: "आता दम लागतो का?"