रंग खरवडण्याआधी

बंगळुरूत बसवनगुडी, मल्लेश्वरम किंवा फ्रेझर टाउनमधलं एखादं जुनं घर पाडायला काढलं, की कधी कधी जिन्याखालून एक काळी सायकल निघते. रॅले, हंबर, रज, बीएसए, फिलिप्स. नाहीतर मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स सुरू झाल्यानंतर आपल्याकडेच बनू लागलेली हर्क्युलस. समुद्र दूर आणि शहर नऊशे मीटर उंचीवर, त्यामुळे मुंबई-कोकणाच्या मानाने इथे लोखंड गंजतं कमी. मूळ रंग आणि सोनेरी रेघा शाबूत असलेल्या सायकली म्हणूनच इथे अजून सापडतात. आणि सापडली की घरातल्या तरुणाला पहिली गोष्ट सुचते ती म्हणजे सायकल पीण्या औद्योगिक वसाहतीत नेऊन पावडर कोटिंग करून आणायची.

हे करू नका, निदान लगेच करू नका, असं मी कळकळीने सांगतो.

पावडर कोटिंगसाठी फ्रेम आधी सँडब्लास्ट करतात. वाळूच्या माऱ्याने जुना थर मुळासकट जातो. मग पावडर चिकटवून फ्रेम साधारण दोनशे अंशांच्या भट्टीत भाजतात. थर जाड, चकचकीत आणि टिकाऊ होतो यात शंका नाही. पण खाली होतं काय? कारखान्यातलं काळं एनॅमल, बारीक ब्रशने हाताने ओढलेल्या रेघा, कंपनीचं चित्र, कुणा जुन्या दुकानदाराच्या नावाची पट्टी. यातलं काहीच परत येत नाही. छापील स्टिकर मिळतात, पण ती नक्कल असते. शिवाय जाड थराखाली फ्रेमवर ठोकलेला नंबर बुजतो, आणि सायकलीचं वय शोधायची एक महत्त्वाची खूण हरवते.

क्रोमचंही तसंच. पुन्हा मुलामा देण्याआधी भाग घासून गुळगुळीत करावा लागतो, त्यात उठावाची अक्षरं आणि चित्रं बोथट होतात. रॅलेच्या चेनव्हीलवर बगळे असतात, रजवर पंजा, हंबरवर माणसांच्या आकृत्या. ती नक्षी झिजली तर त्या सायकलीचा चेहराच गेला. त्यातून १९३० च्या सुमारापर्यंत सायकलींना निकेलचा मुलामा असायचा, क्रोमचा प्रसार त्यानंतरचा. विशीच्या दशकातली सायकल लखलखीत क्रोममध्ये पाहिली की जाणकाराला ती लगेच खटकते.

मूळ रूप राखायचं म्हणजे धूळ आणि गंजासकट भिंतीला टेकवून ठेवायची, असंही नाही. गंजलेले सुटे भाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणात बुडवले, तर गंज सुटतो आणि रंग बराचसा वाचतो. हातमोजे घालावेत, अधूनमधून पाहत राहावं, नंतर भाग स्वच्छ धुऊन, वाळवून तेल लावावं. ब्रुक्सच्या चामडी सीटला मात्र तेलात भिजवू नये. चामडं मऊ पडून मधोमध झोळ येतो, आणि तो पुन्हा ताणून बसवणं फार कठीण. चामड्याचं मेण थोडंसं, आणि तेही जास्त करून खालच्या बाजूने लावावं.

चालणाऱ्या भागांत मी अजिबात आग्रही नाही. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल, कॉटर पिना, बेअरिंगच्या गोळ्या हे बदलायलाच हवं. जुन्या रबरावर रस्त्यावर उतरणं धोक्याचं आहे. आपलं भाग्य असं की अठ्ठावीस इंची टायर आपल्याकडे अजून बनतात, कारण त्याच इंग्रजी घाटाच्या काळ्या सायकली अजून विकल्या जातात. तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हबही सहसा टाकून द्यावा लागत नाही. त्याचं एडब्ल्यू मॉडेल १९३६ पासूनचं, २००० मध्ये हे नाव तैवानच्या कंपनीकडे गेलं आणि सुटे भाग आजही मिळतात. बहुतेक हबांच्या कवचावर बनल्याचं वर्ष आणि महिनाही ठोकलेला असतो. बंगळुरूच्या चढांवर त्याचा हलका गिअर आजही कामाला येतो.

एक धोका मात्र नेहमी नजरेआड होतो. नॉटिंगहॅमच्या रॅलेचे आटे वेगळे असतात. इंचाला सव्वीस, इतरांचे सहसा चोवीस. क्रँकजवळचा किंवा हँडलखालचा कप खराब झाला म्हणून बाजारातला नवा कप पाना लावून जबरदस्तीने बसवला, तर फ्रेममधले आटे मरतात. एवढी एक गोष्ट मिस्त्रीला आधी सांगितली, तरी फ्रेम वाचते.

मग हौशीने सायकल सजवायचीच नाही का? जरूर सजवावी. ज्या फ्रेमचा रंग आधीच दोनदा बदलला आहे, मडगार्ड गेले आहेत, हँडल भलतंच बसवलं आहे, तिच्यात जपण्यासारखं मूळ असं उरलेलं नसतं. तिला हवा तो रंग द्या, ॲल्युमिनियमच्या रिम घाला, चांगले ब्रेक लावा आणि रोज ऑफिसला न्या. भंगारात जाण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. माझा विरोध आहे तो सायकल न तपासता सरसकट नवी करण्याला. स्मारकांबाबतच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने जीर्णोद्धाराला मर्यादा घातली: जिथून अंदाज सुरू होतो तिथे काम थांबवावं. सायकलीलाही हाच नियम लावावा. पुण्यात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय २०१७ पासून आहे. जुन्या सायकलीवर हात चालवण्याआधी एकदा तिथे जाऊन यावं. मूळ सायकली समोर असल्या की आपल्या सायकलीत काय कमी आहे आणि काय नाही, हे कळायला मदत होते.

आपल्या घरी अशी सायकल असेल तर एवढं करा. काही सोडवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, नंबर उतरवून घ्या, मऊ कापड आणि साबणाच्या पाण्याने पुसून मूळ रंग किती उरला आहे ते बघा. बदल करायचेच असतील तर उलटवता येतील असेच करा, आणि काढलेला एकही भाग भंगारवाल्याला देऊ नका.