उतारावरचा गाडा आणि वेस्टिंगहाउसची उलटी युक्ती

गणेशमूर्तीच्या गाड्याचे ब्रेक गॅरेजवाल्याला पैसे मोजण्याऐवजी मंडळातल्या फिटर मंडळींनीच सुधारले तर चालेल काय, असे मुंबईतल्या करी रोडच्या एका वाचकाने विचारले आहे. आणि ज्या वस्तीत गिरण्यांची यंत्रे पिढ्यान् पिढ्या हातांनी उघडून पुन्हा जुळविली गेली, तिने हा प्रश्न विचारावा याचा मला मनापासून आनंद वाटतो.

करी रोडच्या रेल्वेपुलावर मिरवणुकीने थांबू नये, नाचू नये, अशी ताकीद अलीकडे दरवर्षी मिळते. म्हणजे गाड्याची खरी कसोटी पुढच्या उतारावर. दहा टनांचा गाडा तीसास एक अशा उतारावर असला, तर त्याला खाली ओढणारे बल सुमारे ३३० किलो वजनाएवढे भरते. तोच गाडा ट्रकमागे ताशी ६० किलोमीटरने धावत असता थांबवावा, तर ब्रेकमध्ये निर्माण होणाऱ्या उष्णतेने पावणेपाच लिटर पाणी उकळीस येईल. पायी चालण्याच्या वेगाने जात असेल, तर चहाच्या एका घोटापुरतेच! तेव्हा मिरवणुकीच्या गाड्यास मोठाले पॅड बसविण्याचा आग्रह व्यर्थ होय. घर्षण दाबणाऱ्या बलावर अवलंबून असते, क्षेत्रफळावर नव्हे, हे बालपणीच बहिरेपण आलेल्या गियोम आमोंतॉने १६९९ साली पॅरिसच्या अकादमीपुढे मांडले, तेव्हा तिथल्या विद्वानांचाही त्यावर विश्वास बसेना.

खरा प्रश्न निराळा आहे: जोडणी तुटली तर काय? जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या १८६९ च्या पहिल्या रेल्वे-ब्रेकमध्ये इंजिनातून हवा सोडली की ब्रेक लागत. नळी फुटली, की सारी गाडी निराधार. १८७२ साली त्याने ही व्यवस्थाच उलटी केली. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी, नळीत सदैव दाब, आणि तो दाब घटला की ट्रिपल व्हॉल्व्ह टाकीतली हवा ब्रेककडे वळविणार; म्हणजे डबे तुटून वेगळे झाले, तर तो अपघातच ब्रेक लावतो. अपयशालाच पहारेकरी नेमणारी ही कल्पना मला विजेच्या दिव्याहून थोर वाटते. १८७९ पासून रेल्वेचा कारखाना असलेल्या शेजारच्या परळला ती परकी नाही.

म्हणून ब्रेक घरी अवश्य सुधारावेत, पण तजवीज अशी असावी, की स्प्रिंगने ब्रेक सदैव लागलेला राहील आणि माणसाने दांडी दाबली तरच सुटेल, जशी विमानतळावरची सामानाची गाडी असते. गाडा वाहनामागे जोडावयाचा असेल, तर ब्रेकच्या दांडीपासून वाहनापर्यंत वेगळी साखळी बांधावी. जोडणी सुटताच ती दांडी ब्रेक लागेल अशा बाजूस ओढील. दोन्ही बाजूंच्या चाकांवर ताण सारखा आहे, याचीही खातरजमा करावी. नाहीतर गाडा एका अंगाला वळेल.

आणि मूर्ती चढविण्यापूर्वी, माणसे दूर उभी करून आणि चाकांपुढे हातभर अंतरावर भक्कम ठोकळे ठेवून, मूर्तीएवढ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या रचलेला गाडा मोकळ्या उतारावर न्यावा, दांडीवरचा हात मुद्दाम काढावा, आणि चाके ठोकळ्यांपर्यंत पोहोचतात की त्याआधीच थांबतात, ते पाहावे.