कठड्याची उंची

‘मूल पडले’ या दोन शब्दांची आपल्या घरांतून पूर्वी फारशी भीती नव्हती. मूल ओट्यावरून पडे, पाळण्यातून पडे, पेरूच्या झाडावरून पडे. कपाळाला टेंगूळ येई, आजी हळद लावी आणि जमिनीलाच दोन चापट्या मारून रडणाऱ्याची समजूत घाली. आता तेच दोन शब्द कानावर आले की काळजात धस्स होते आणि पहिला प्रश्न तोंडातून निघतो, ‘कितव्या मजल्यावरून?’

मी माजिवड्याला राहतो. मुंबई-नाशिक महामार्गाला घोडबंदरचा रस्ता जिथे मिळतो, त्या नाक्याभोवतीचे हे गाव. गावठाणाच्या खुणा अजून आहेत, पण त्यांच्या माथ्यावर आता वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. बैठ्या घरांत वाढलेली आमची पिढी उतारवयात आकाशात राहायला गेली आणि नातवंडे तर आकाशातच रांगायला शिकली. त्यामुळे ठाण्यात काय किंवा कल्याण-डोंबिवलीत काय, खिडकीतून मूल पडल्याची बातमी आली, की ती दुसऱ्या कुणाची राहत नाही.

पण दु:खाच्या मागोमाग आणखी एक गोष्ट येते. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, देवळाच्या पायरीवर कुजबुज सुरू होते. पडले की कुणी ढकलले? आई त्या वेळी कुठे होती? एवढेसे पोर एवढ्या उंच कठड्यावर चढेल कसे? भिंतीपासून इतक्या लांब पडेल कसे? ज्यांनी त्या घराचा उंबरठा कधी ओलांडलेला नसतो, त्यांच्याकडेही उत्तर तयार असते. दोन दिवसांत तट पडतात. एकाच्या मते तो अपघात, दुसऱ्याच्या मते नक्की काहीतरी काळेबेरे.

हा वाद मराठी माणसाला नवा नाही. याच प्रश्नावर आपण सव्वादोनशे वर्षे भांडत आलो आहोत. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी, दसऱ्यानंतरच्या दिवसांत, पुण्याच्या शनिवारवाड्यात सवाई माधवराव पेशवे माडीवरून खाली कारंज्यावर पडले. हाडे मोडली, अंगात जखमा झाल्या. दोन दिवस ते जगले आणि २७ तारखेला गेले. वय अवघे एकवीस. ते मूल नव्हते हे खरे. पण जन्माआधीच बाप मारला गेलेला, पाळण्यात असतानाच पेशवाईची वस्त्रे मिळालेली आणि नाना फडणविसांच्या नजरेखाली वाढलेला तो पोरगा लोकांच्या मनात ‘बाळ पेशवा’च राहिला होता.

पडले की उडी घेतली? ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात स्पष्ट लिहून टाकले, की त्यांनी जाणूनबुजून उडी घेतली. नानांचा जाच आणि नात्याने चुलतकाका लागणाऱ्या बाजीरावाशी चाललेला पत्रव्यवहार उघडकीस आल्यावर सोसावा लागलेला अपमान, ही त्याने दिलेली कारणे. ही घटना घडली तेव्हा ग्रँट डफ स्कॉटलंडमधला सहा वर्षांचा मुलगा होता! उलट, पेशव्यांना ताप होता, तापात भ्रम झाला आणि त्या भरात तोल गेला, असे मराठी बाजूने सांगितले गेले. यातली गंमत अशी, की प्रत्येक उत्तर कुणाच्या ना कुणाच्या सोयीचे होते. अपघात म्हटले की नाना सुटत. आत्महत्या म्हटली की नानांच्या विरोधकांचे फावे. आज शनिवारवाड्याच्या चौथऱ्यांवर उभे राहून सहलीला आलेली मंडळी हाच वाद पुन्हा घालतात. पण १८२८ च्या आगीत वाडाच जळाला. मोजायला तो कठडाही उरलेला नाही. उरले आहे ते फक्त मत, आणि ते प्रत्येकाच्या नाना फडणविसांविषयीच्या प्रेमावर किंवा रागावर ठरते.

आपली कुजबुजही तशीच असते. ज्या सुनेविषयी आधीच नाराजी असते, तिच्याच हातून हयगय झाली असे आपल्याला वाटते. ज्या घरातून भांडणाचे आवाज येत, तिथेच घात झाला असे आपण धरून चालतो.

आणि त्या अंतराचे काय? इमारतीखाली उभे राहून पावलांनी भिंतीपासूनचे अंतर मोजणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. शाळेतला हिशेब सांगतो, की दहाव्या मजल्याची उंची तीस मीटर धरली, तर खाली यायला जेमतेम अडीच सेकंद लागतात आणि शेवटचा वेग तासाला सुमारे ८५ किलोमीटर होतो. त्या अडीच सेकंदांत खिडकीवरचा छज्जा, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, खालच्या घराची जाळी असे काय काय आड येते. वाऱ्यावर सोडलेल्या पावलांच्या मोजमापाने कुणाच्या आईला गुन्हेगार ठरवता येत नाही.

शंका घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. शंका घेण्यासाठीच तर पोलीस आहेत. अशा घटनेत अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली चाले; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली चालते. खिडकीची चौकट, पायाचे ठसे, ओढून आणलेले स्टूल हे पाहण्याचे काम त्यांचे. ज्याला खरोखर काही दिसले वा ऐकू आले असेल, त्याने ते तिथे जाऊन सांगावे. भाजीच्या गाडीपाशी नव्हे.

या साऱ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. कठडा किती उंच होता आणि त्याच्याजवळ काय ठेवले होते? लहान मुलाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने जड असते. ते वाकले की पुढे कलंडते. मोठ्यांच्या कमरेच्या वर येणारा कठडा खुर्चीवर किंवा तुळशीच्या कुंडीवर चढलेल्या पोराच्या गुडघ्याला लागतो. त्याला ना कुणी ढकलावे लागते, ना त्याने उडी मारावी लागते. खाली बाबांची स्कूटर आलेली दिसली, एवढे कारण पुरते.

हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये विचारला गेला. तिथल्या ब्राँक्स भागात १९७२ साली आरोग्य खात्याने एक मोहीम सुरू केली. तिचे नावच होते, ‘मुलांना उडता येत नाही’. कर्मचारी घरोघर गेले, आयांशी बोलले, खिडक्यांना बसवायला जाळ्या फुकट वाटल्या. दोन-तीन वर्षांत ब्राँक्समधले अशा पडण्याचे प्रकार निम्म्यावर आले. मग १९७६ मध्ये शहराने नियमच केला, की दहा वर्षांपर्यंतचे मूल जिथे राहते, त्या भाड्याच्या घराच्या खिडक्यांना मालकाने जाळी बसवलीच पाहिजे. चूक आईची होती की नशिबाची, याचा निकाल लावत ते बसले नाहीत.

आपल्या सोसायट्यांच्या सभांत इमारतीचे रूप बिघडेल म्हणून जाळीला हरकत घेतली जाते. पुढच्या सभेत हा विषय निघाला तर इमारतीतली मुले मोजावीत आणि मग हात वर करावा. घरी गेल्यावर गॅलरीतली खुर्ची आत घ्यावी. आगीत सुटका करता यावी म्हणून जाळीला आतून उघडणारी झडप मात्र ठेवावी.

आणि दुर्दैवाने कुणाच्या घरी तसे घडलेच, तर शेजारधर्म काय तो आपल्या आज्यांनी सांगून ठेवला आहे. मृत्यू झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. तिथे शेजारून पिठले-भात जातो. नेणारा काही विचारत नाही. पातेले ओट्यावर ठेवतो, थोडा वेळ बसतो आणि उठून येतो.