गणपतीची लेखणी

व्यासांनीं महाभारत सांगितलें व गणपतीनें तें लिहून घेतलें, ही कथा वाचकांस ठाऊक आहे. जळगांवच्या विद्यापीठास २०१८ सालीं ज्यांचें नांव मिळालें, त्या बहिणाबाई चौधरीहि निरक्षर होत्या. त्यांचीं गाणीं पुत्र सोपानदेव व एका आप्तानें उतरून घेतलीं. तरी तीं लिहिणाराचीं, असें कोणी म्हणत नाहीं.

हें स्मरण्याचें कारण, धुळ्याकडील माझा एक अंध विद्यार्थी. बी. ए.च्या परीक्षेस त्याचा लेखनिक ऐन वेळीं आला नाहीं. दुसऱ्यास परवानगी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. तो कोणीं भरून दिला नाहीं व मुलगा नापास झाला. "गुरुजी, उत्तरें येत होतीं," एवढेंच तो म्हणाला.

कायदा उणा नाहीं. १९९५ च्या कायद्यानें सरकारी व अनुदानित संस्थांत अपंगांस निदान ३ टक्के जागा राखल्या. २०१६ च्या कायद्यानें उच्च शिक्षणांत त्या ५ टक्के केल्या व वयांत ५ वर्षांची सवलत दिली. परंतु जागा मिळणें निराळें आणि तेथवर पोंचणें निराळें. एस्. टी.ची उंच पायरी, माडीवरचा वर्ग, ब्रेल ग्रंथांचा तुटवडा, हे अडथळे कायद्याच्या कागदानें हटत नाहींत. जळगांवीं दीपस्तंभ संस्थेच्या 'मनोबल' प्रकल्पांत अशा मुलांच्या निवासाची व अभ्यासाची सोय आहे. पण प्रत्येक तालुक्यास मनोबल कोठून आणावें?

तथापि लेखनिक घरोघरीं आहेत. आपल्या शिकत्या मुलामुलींनीं, नियमांत बसत असल्यास, वर्षांतून तीन-चार सकाळी या कामीं द्याव्या. हा उपकार नव्हे. खुद्द गणपतीनें पत्करलेलें काम आहे.