बेने इस्राएल समाजाचे दैनंदिन धर्मजीवन : अर्थबोध आणि समूहभाव

बीजसंज्ञा : बेने इस्राएल, शनिवार तेली, मलिदा, मिन्यान, कीर्तन, समूहभाव

प्रस्तावना :
धर्माचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम धर्मग्रंथ, धर्मगुरू व धर्मसंस्था यांकडे जाते. तथापि या तिन्ही गोष्टींशी दीर्घकाळ संपर्क नसतानाही एखादा समाज आपली धार्मिक ओळख टिकवू शकतो काय, हा प्रश्न समाजशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कोकणातील मराठी भाषक बेने इस्राएल या ज्यू समाजाचा इतिहास त्याचे उत्तर देतो. या समाजाचे दैनंदिन आचरण, त्यातून मिळणारा अर्थ आणि त्यावर उभा राहिलेला समूहभाव यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज ते बेने इस्राएल, म्हणजेच इस्राएलची लेकरे. ही घटना नेमकी केव्हा घडली याविषयी विद्वानांत एकमत नाही. एवढे मात्र निश्चित की, कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यातील गावोगावी हा समाज विखुरला आणि तेलाचा घाणा चालवणे हा त्याचा प्रमुख व्यवसाय झाला. किहीमचे ते केहीमकर, पेणचे ते पेणकर, दिव्याचे ते दिवेकर, झिराडचे ते झिराडकर अशी आडनावे रूढ झाली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. शब्बाथ पाळण्यामागील शास्त्र शेजाऱ्यांना ठाऊक नव्हते. परंतु बंद घाणा त्यांना दिसत होता. आचरणानेच या समाजाची ओळख निश्चित केली, ती अशी.

घर हेच धर्मपीठ :
हिब्रू भाषेचा विसर पडला, तरी ‘शेमा इस्राएल’ ही एकेश्वरनिष्ठेची प्रार्थना मुखोद्गत राहिली. मुलाची आठव्या दिवशी सुंता, शब्बाथ आणि खाद्यनियम हे आचार टिकले. पर तसेच खवले असलेलाच मासा खावा, मांसासोबत दूध वर्ज्य मानावे, हे नियम स्वयंपाकघराने सांभाळले. दुधाची उणीव कोकणच्या नारळाने भरून काढली. नववर्षाला होणारा चिकाचा हलवा नारळाच्या दुधातच शिजतो. सणांची नावेही मराठमोळी होती : नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण. शोकाच्या उपवासाला जोडून बिरड्याचा सणही येई. धर्माचे जतन करण्यात स्त्रियांचा वाटा किती मोठा होता, हे यावरून ध्यानी येते.

मलिदा हा विधी या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे व फळे तबकात मांडून संदेष्टा एलियाहू हन्नाबी याचे स्मरण केले जाते. नवस फेडणे, साखरपुडा, गृहप्रवेश, आजारातून उठणे अशा प्रसंगी आप्तेष्ट जमतात, आशीर्वचने म्हणतात व प्रसाद वाटून घेतात. अन्य ज्यू समाजांत हा विधी या रूपात आढळत नाही. वैयक्तिक सुखदुःख समूहासमोर ठेवून त्याला धार्मिक अर्थ देणे, हे त्याचे सामाजिक कार्य होय.

प्रार्थनालय, शाळा आणि कीर्तन :
डेव्हिड राहाबी नामक विद्वानाने या समाजाला ज्यू धर्माचरणाची पुन्हा ओळख करून दिली, असे परंपरा सांगते. कंपनीच्या सैन्यातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले प्रार्थनालय उभारले. पुढे अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे येथेही प्रार्थनालये झाली. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. प्रत्यक्षात त्यांच्या शिक्षणामुळे हा समाज स्वधर्माच्या अधिक जवळ गेला. हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा सुरू झाली.

१८८० मध्ये सुरू झालेली बेने इस्राएल कीर्तने हा या वाटचालीतील लक्षणीय टप्पा आहे. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातील अग्रणी होत. बायबलमधील अब्राहाम, मोशे यांची चरित्रे साकी, दिंडी, आर्या यांसारख्या परिचित रचनांत सांगितली जाऊ लागली. माळशिरस, नातेपुते, वेळापूर या पालखीमार्गावरील गावांना कीर्तन म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वारकऱ्यांचे निरूपण आणि बेने इस्राएलांचे आख्यान यांतील दैवत व कथा भिन्न आहेत. परंतु श्रोत्यांना एकत्र बसवून धर्म त्यांच्या मातृभाषेत पोहोचवणे, हे कार्य दोन्हीकडे समान आहे.

समूहभावाच्या मर्यादा आणि कसोटी :
हा समूहभाव सर्वस्वी निर्दोष नव्हता. ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल असा भेद समाजात होता. मिश्र विवाहाची संतती मानल्या गेलेल्या ‘काळ्यां’शी रोटीबेटी व्यवहार टाळला जाई. भोवतालच्या जातिव्यवस्थेचा हा परिणाम मानला जातो.

इस्राएलला स्थलांतर केल्यानंतर याच समाजाला बहिष्काराचा अनुभव आला. १९६२ मध्ये तेथील प्रमुख धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. त्याविरुद्ध समाजाने आंदोलन केले. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित केल्यावर ते निर्देश मागे पडले. शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना आपले ज्यूपण सिद्ध करावे लागले, यात आचरणाचा धर्म व प्रमाणपत्राचा धर्म यांतील संघर्ष स्पष्ट दिसतो.

आजची कसोटी वेगळी आहे. १९५० च्या सुमारास भारतात सुमारे २०,००० बेने इस्राएल होते. आता काही हजारच उरले आहेत. सामूहिक प्रार्थनेसाठी परंपरेने दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती, म्हणजे ‘मिन्यान’, आवश्यक असते. कोकणातील गावांत ही संख्या भरणे कठीण झाले आहे. शेमा एकट्यालाही म्हणता येतो; मात्र मृतात्म्यासाठी म्हणावयाच्या कद्दिशला दहा जण लागतात. माणूस दुःखात एकटा राहू नये, हा या नियमाचा आशय असल्याने संख्येचा प्रश्न केवळ तांत्रिक ठरत नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे समाजाला मान्यता मिळाली. दहावा माणूस मात्र शासननिर्णयाने मिळत नाही.

निष्कर्ष :
१) ग्रंथ व धर्मगुरू यांच्या अभावी बेने इस्राएलांचा धर्म घर, व्यवसाय व आहार यांतील नियमित आचरणाने टिकला.
२) स्थानिक भाषा व चालीरीती स्वीकारल्याने त्यांची ओळख पुसली न जाता दृढ झाली.
३) आचरणाने ओळख टिकते, परंतु समूहभावासाठी माणसांचे प्रत्यक्ष एकत्र येणे अपरिहार्य असते.

इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएलांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले. ज्यांनी मराठी मुलखात हिब्रू प्रार्थना जपली, त्यांनीच हिब्रू मुलखात मराठी जपावी, ही बाब भाषा व धर्म यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.