घाटावर अवर्षण, घाटाखाली पूर
बुलढाणा जिल्ह्यातील नैसर्गिक आपत्ती आणि त्यांपासून घ्यावयाचा बोध

बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे शब्द नित्याच्या बोलण्यातले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे तालुके मुख्यतः अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारावर वसलेले आहेत. तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर व जळगाव जामोद हे तालुके पूर्णा नदीच्या सखल खोऱ्यात येतात. जिल्ह्यावर आजवर आलेल्या आपत्तींचा मागोवा घेतला असता असे दिसून येते की, पावसाच्या लहरीपणाइतकाच जमिनीच्या या घडणीचाही त्यांत वाटा आहे.

जमिनीची घडण

घाटावरील जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी व उथळ आहे. पावसाचे पाणी तेथे फार वेळ थांबत नाही. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या उत्तरेस उतरून पूर्णेस मिळतात, तर पैनगंगा व खडकपूर्णा यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. जिल्ह्याच्या उत्तर टोकास सातपुड्याचा उतार आहे. तेथून वान व इतर नदीनाले वेगाने पूर्णेकडे धावतात.

घाटाखालची जमीन खोल व काळी आहे. परंतु पूर्णेच्या काठाने खारपाण पट्टा पसरलेला असून, तेथील विहिरींचे पाणी खारट असल्याने पिकास उपयोगी पडत नाही. जमीन चिकण असल्यामुळे पाणी लवकर मुरत नाही. म्हणून अतिवृष्टी झाली की शेतात पाणी तुंबते, आणि पावसाने ओढ दिली की विहीर असूनही पीक वाळते. एकाच शेताला दोन्ही संकटे सोसावी लागतात.

दुष्काळाचा इतिहास

वऱ्हाडाला दुष्काळ नवा नाही. १८०३-०४ साली युद्ध आणि अवर्षण ही दोन्ही एकदम आली व दख्खनबरोबर या भागातही धान्याची भीषण टंचाई झाली. पुढे १८६७ पर्यंत मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. बाहेरून धान्य आणणे त्यामुळे सुलभ झाले; पण संकटाचे स्वरूप मात्र पालटले. १८९६-९७ आणि त्याहून कठीण अशा १८९९-१९०० च्या दुष्काळात धान्य मिळणे शक्य होते, तरी ते विकत घेण्यास मजुराच्या हाती पैसा नव्हता. वैरण संपल्याने जनावरे मोठ्या संख्येने दगावली. शेतीचा आधार असलेला बैलच गेल्यावर पुढील वर्षी चांगला पाऊस होऊनही पेरणी करणे जड गेले, हा त्या दुष्काळाचा विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

१९७२ च्या दुष्काळात राज्यभर लोकांना कामे देण्यात आली. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला. त्या काळी झालेले पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते ही पुढील पिढीच्या उपयोगी पडलेली मिळकत ठरली.

एकाच वर्षी दोन संकटे

अलीकडील दोन वर्षे विशेष बोलकी आहेत. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जिल्ह्याच्या अनेक भागांत गारपीट होऊन उभा गहू, हरभरा व फळबागा यांची हानी झाली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि ३१ ऑक्टोबर रोजी शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत या जिल्ह्यातील तालुकेही होते.

२२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत मुसळधार पाऊस कोसळला. नदीनाल्यांना पूर येऊन घरांत पाणी शिरले, रस्ते बंद पडले आणि शेतजमिनी खरडून गेल्या. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर, राज्यातील ४० तालुके दुष्काळग्रस्त म्हणून घोषित झाले. त्यांत बुलढाणा व लोणार या तालुक्यांची नावे होती. एका टोकास पुराने माती नेली आणि दुसऱ्या टोकास तहान उरली. पूर आणि अवर्षण ही एकमेकांची विरुद्ध संकटे नसून, न अडविलेल्या पाण्याचीच ती दोन रूपे आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

पाण्याचा हिशोब

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी समजली जाते. एक हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. या हिशोबाने ६५ मिलिमीटर पावसात एका हेक्टरावर साडेसहा लाख लिटर पाणी पडते. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. अर्थात एका दिवसात वाहून जाणाऱ्या पाण्याचा काही भाग जरी राखला, तरी पावसाच्या खंडात पिकाला एखादे संरक्षित पाणी देता येते. खारपाण पट्ट्यात तर पावसाचे गोडे पाणी साठविणे हाच खरा आधार होय.

करावयाची कामे

पाणी अडविण्याची विद्या या भूमीला अपरिचित नाही. सिंदखेड राजा येथील मोती तलाव जाधवरावांच्या काळापासून तिची साक्ष देत आहे. महामार्गांसाठी लागणारी माती व मुरूम तलाव आणि नाले खोल करून घेण्याची रीतही ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने ओळखली गेली.

कामाचा आरंभ माथ्यापासून करावा. डोंगरउतारावर समतल चर, त्याखाली बांधबंदिस्ती, मग नालाबांध आणि शेवटी तलाव, असा क्रम ठेवावा. माथा उघडा ठेवून पायथ्याशी तलाव बांधल्यास तो गाळाने लवकर भरतो. नांगरणी व पेरणी उताराला आडवी करावी. सोयाबीन रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरल्यास कमी पावसात ओल टिकते आणि अधिक पावसात सरीतून पाण्याचा निचरा होतो. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतल्यास एक पीक गेले तरी दुसऱ्याचा आधार राहतो. जनावरांसाठी कडब्याची गंजी शिलकीत ठेवावी.

गारपीट टाळता येत नाही. परंतु हवामानाचा इशारा मिळताच कापलेला माल झाकून सुरक्षित जागी हलविता येतो. विजा चमकत असताना शेतातील झाडाखाली कोणीही उभे राहू नये. वेळीच पक्क्या घराचा आसरा घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एक काम हाती घ्यावे. प्रत्येक गावात एक नोंदवही ठेवून पावसाचा दिवस व त्याचे माप, पुराचे पाणी कोठवर चढले ती खूण, पावसाचा खंड आणि विहिरींची पातळी यांची नोंद करावी. वृद्ध शेतकऱ्यांच्या आठवणीतील पूर व दुष्काळही तीत लिहून घ्यावेत. कोणता नाला आधी फुगतो आणि कोणती विहीर शेवटी आटते, हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्याला चर कोठे खणावा आणि घर कोठे बांधू नये हे ठरविणे सोपे जाते.